मड्याचो राखणो

मित्रांनो, नाक मुरडू नका. पडवीच्या वळचणीला काथ्याने बांधलेला, गंजून तांबडा झालेला हा वाकडा पत्रा म्हणजे मी. एका सायकलचा जुना, मागचा मडगार्ड. सायकल गेली, चाक गेलं, मी तेवढा उरलो. छपराचं पाणी पिंपात सोडायचं, एवढंच काम आता माझ्याकडे आहे. माझं बोलणं कडू लागेल तुम्हाला. लागू दे. सात पावसाळे गंज चाटत काढल्यावर तुमची जीभ तरी गोड राहील का?

मी भिकाजीचा. भिकाजी चौके गावचा, आणि नोकरी मालवणच्या एका कचेरीत, जुन्या कागदांच्या नकला करायची. अक्षर मोत्यासारखं, पण नोकरी कच्ची. आज आहे, उद्या नाही. आमच्या गावात तरणा झाला की पोरगा बोटीत बसतो आणि मुंबईला जातो, मग गणपतीला आणि मे महिन्यात पाहुण्यासारखा घरी येतो. भिकाजीला ते नको होतं. नोकरी पक्की करायची आणि घरीच राहायचं, एवढा एकच हट्ट. "माका सांजची पेज माज्या घरात बसान जेवूक व्हयी," असं तो बायकोला, जानकीला, सांगायचा. पण कचेरी सात मैलांवर. रोज जाऊन येऊन चौदा मैल पाय किती दिवस ओढणार? म्हणून सायकल.

नवी सायकल घेण्याची ऐपत कोणाची होती तेव्हा! भिकाजीने सायकल तुकड्यातुकड्याने जमवली. सांगाडा सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांचा, तो एसटीच्या टपावरून आला. दोन चाकं दोन वेगळ्या सायकलींची, त्यातलं एक लंगडं. कट्टा गावच्या बाबू मेस्त्रीने त्याच्या तारा एकेक करून ताणल्या आणि त्याला सरळ चालायला शिकवलं. कॅरिअर लोहाराने असा भक्कम ठोकला की त्यावर भाताचं पोतं बसावं. सीटमध्ये काथ्या भरला. शेवटी आलो आम्ही, मी आणि माझा पुढच्या चाकावरचा धाकटा भाऊ. भिकाजीचा चुलत भाऊ दाजी मुंबईला गिरणीत होता, त्याने आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळून बोटीने आणलं. काळे, चकचकीत, कडेला सोनेरी रेघ! तेव्हा कोणी नाक मुरडत नव्हतं, सांगून ठेवतो.

आणि काम तरी काय थोडं केलं? आमच्याकडची माती तांबडी. पावसात तिचा असा राडा होतो की कपड्याला लागला तर कपडा फाटेल, डाग जाणार नाही. बिनमडगार्डाचे सायकलवाले कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा ओढून बाजारात उतरायचे. माझा भिकाजी मात्र पांढरं धोतर नेसून निघायचा आणि पांढरं धोतर नेसूनच कचेरीत शिरायचा. हेडक्लार्क विचारायचे, "भिकाजी, तू काय विमानातून येतोस?" भिकाजी हसायचा आणि जाता जाता माझ्यावर टिचकी मारायचा. ती टिचकी मला अजून आठवते.

खोटं कशाला बोलू, माझा त्रासही होता. चिखल माझ्या पोटात साचायचा, घट्ट व्हायचा, मग चाक घासायचं. जानकी रोज संध्याकाळी खराट्याची काडी घेऊन बसायची आणि माझं पोट खरवडायची. बाबू मेस्त्रीला मी कधीच पसंत नव्हतो. "काढून टाक रे ती पत्र्याची लफडी," तो म्हणायचा. "मगे बघ, सायकल वाऱ्यासारखी पळतली." भिकाजी नुसतं ऐकून घ्यायचा. पण अशी गोष्ट ऐकून घेतली की ती कानात राहते.

माझा घात मात्र बाबूने केला नाही. माझ्या नावाने केला.

भिकाजीची आई हौसाबाई. माणूस प्रेमळ, पण जीव भित्रा. सत्तावन्न साली, ऐन लावणीत, घरचा ढवळा बैल मेला. जानकीला तेव्हा सहावा महिना होता. म्हातारीच्या मनाने धास्ती घेतली. वर्षभरात घरी असं काय शिरलं, की बैल उभ्या उभ्या गेला? आणि तिला माझं नाव आठवलं. आमच्याकडे प्रेताला मडां म्हणतात, मित्रांनो.

"मड गार्ड!" ती किंचाळली. "मड्याचो राखणो! मेल्या, मड्याचो राखणो दारात उभो केलंस आणि माका सांगूक नाय?"

"आये, मड म्हंजे इंग्रजीत चिकल," भिकाजी म्हणाला. "चिकलाचो राखणो तो."

"चिकलाक कोण राखता रे? चिकल काय सोन्याचो? माका शिकवतंस?"

तिचं म्हणणं चुकीचं तरी कसं म्हणावं? राखणा म्हणजे ज्याची राखण करतो त्याला जपणारा. मी तर चिखलाला अडवत होतो. ज्या शहाण्याने माझं हे नाव ठेवलं, त्याला एकदा आमच्या हौसाबाईपुढे उभा करायला हवा होता.

प्रकरण देवाकडे गेलं. शनिवारी गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवी-डावीकडे फुलांचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या दारात मड्याचो राखणो येवन बसलो हा. तो भायर काढूचो आसात, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

उजवीकडचा कळा टपकन पडला. पडणारच! प्रश्नच असा घातल्यावर देव तरी 'मड्याचा राखणा ठेवा' म्हणेल का? मी देवाला दोष देत नाही. चिखल हा शब्द देवाच्या कानावर कोणी घातलाच नाही.

आणि भिकाजी गप्प का राहिला, तेही सांगतो. आईची धास्ती आणि बायकोचे दिवस, हे खरंच. पण बाबूचं ते 'वाऱ्यासारखी पळतली' त्यालाही हवंसं वाटत होतं. रविवारी त्याने पाना घेतला, आम्हा दोघा भावांना उतरवलं आणि अंगणात एक चक्कर मारून पाहिली. "हलकी झाली गो!" तो जानकीला म्हणाला. मी माडाच्या बुंध्याशी पडून ते ऐकलं. माझ्या काळजाला घरं पडली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कचेरीत वरचा साहेब येणार होता. भिकाजीने महिनाभर पडवीत बसून एका जुन्या दप्तराच्या नकला केल्या होत्या, दोनशेच्या वर कागद. ते काम साहेबाच्या पसंतीला उतरलं की नोकरी पक्की. पाऊस मी म्हणत होता. भिकाजीने गठ्ठा वर्तमानपत्रात बांधला, कॅरिअरवर ठेवला आणि वरून मेणकापड घालून करकचून आवळला. फक्त वरून. खालचं त्याच्या मनातही आलं नाही. मी होतो तेव्हा कॅरिअरच्या खालून कधी थेंब आला नव्हता. त्यामुळे चिखल खालून येतो, हे तो विसरूनच गेला होता.

सात मैल मागचं चाक त्या गठ्ठ्यावर खालून चिखलाची पिचकारी मारत राहिलं. कुंभारमाठाच्या उतारावर तर सायकल खरंच वाऱ्यासारखी पळाली म्हणे. त्याने कचेरीत गठ्ठा सोडला, तेव्हा वरचे चार कागद कोरडे होते. खालचे सगळे तांबडा लगदा. आणि त्याच्या पाठीवर मानेपर्यंत तोच पट्टा.

साहेबाने दोन बोटांनी एक कागद उचलला. "या नकला आहेत की लावणीचं शेत?" त्याने विचारलं.

"साहेब, मी परत लिहून देतो," भिकाजी म्हणाला. "महिनाभराची मुदत द्या."

"सरकारी कागद कसा सांभाळायचा हे ज्याला कळत नाही, त्याला पक्का करून काय करू?" झालं! महिनाअखेरीपासून कच्ची नोकरीही बंद.

हे सगळं भिकाजीने घरी येऊन जानकीला सांगितलं, माझ्यासमोर, सायकल माडाला टेकून. आईला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. हौसाबाई त्याचा सदरा घेऊन विहिरीवर गेली. घासघास घासला, रिठे लावले, दगडावर आपटला. तो तांबडा पट्टा काही निघाला नाही. मग ती तशीच ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. "झिला," ती लेकाला म्हणाली, "इतक्या चिकलाक राखणो व्हयो होतो रे."

तिला कळलं! पण वरातीमागून घोडं काय कामाचं?

दिवाळीला भिकाजी बोटीत बसला. मुलगी शेवंती तेव्हा वीस दिवसांची होती. सायकल बाबू मेस्त्रीने नेली. आम्हाला नको म्हणाला, पत्र्याची लफडी! धाकट्या भावात कोंबड्यांना पाणी ठेवू लागले, तो तीन वर्षांत कुजून गेला. मला जानकीने वळचणीला बांधलं. हौसाबाई माझ्याखालून जाताना मान खाली घालायची, आणि पावसाळ्यात रोज मोजायची, गणपती यायला किती दिवस राहिले.

चौसष्टच्या आषाढात हौसाबाई गेली. सकाळची वेळ, बाहेर कोसळतोय. मुंबईला तार केली, पण पावसात बोटी बंद, आणि एसटीने यायचं तर वाटेतल्या नद्या उतरेपर्यंत थांबायचं. मडां कोणासाठी थांबत नाही. गिरणी सोडून गावी परतलेला दाजी पुढे झाला. मुलाने धरायचं विस्तवाचं मडकं त्याने उचललं. अंगणात पाय टाकला तो वाऱ्याने छत्री उलटी केली. केळीचं पान धरलं, ते विस्तवावर होरपळून गळलं. निखारे चुरचुरायला लागले.

तेव्हा जानकी पडवीत धावत आली आणि तिने माझा काथ्या कोयत्याने तोडला.

"दाजी भावजीनू, ह्यो धरा मडक्यार," ती म्हणाली. दाजीने मला ओळखलं. बोटीतून त्यानेच तर आणलं होतं. त्याने मला मडक्याच्या तोंडावर आडवा धरला.

घरापासून मसणवटीपर्यंत माझ्या पाठीवर पाऊस होता आणि पोटाला विस्तव. एक थेंब आत जाऊ दिला नाही मी. पुढे मी, मागे खांद्यांवर हौसाबाई. तिने मला दिलेलं नाव सात वर्षांनी खरं झालं, बघा. आणि जो चालायला हवा होता, तो कुठल्याशा नदीच्या अलीकडे एसटीत बसून होता.

मित्रांनो, वरून पडणारा पाऊस सगळ्यांना दिसतो. खालून उडणारा चिखल कोण अडवतंय, हे त्याला काढून टाकल्याशिवाय कोणाला कळत नाही. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्याला हाकलण्याआधी निदान विचारा तरी, बाबा रे, तू करतोस काय? मला कोणी विचारलं नाही.

भिकाजी तिसऱ्या दिवशी पोचला. दाजीने मला त्याच्या हातात दिलं. माझ्या पोटातली काजळी त्याने धोतराच्या सोग्याने पुसली, आणि एक टिचकी मारली. आवाज आला नाही. गंजलेल्या पत्र्याचा येत नाही. तेरावं झालं, तो मुंबईला गेला, आणि जानकीने मला पुन्हा वळचणीला बांधलं.