वटवट्या आणि अकरा विद्वान

"अहो, बंद करा ते!" माळीणबाई खुरपं टाकून उभी राहिली. "किती वेळा फसवाल त्याला?"

कुणी मानही वळवली नाही. बागेतल्या दाट झुडपापुढे अकरा माणसं गुडघ्यांवर बसली होती. प्रत्येकाच्या डोळ्याला दुर्बीण, नाहीतर हातभर लांब कॅमेरा. त्यांचा म्होरक्या मोबाइलवर वटवट्याचं गाणं वाजवत होता. बागेत सगळे त्याला पाठीमागे 'कॅप्टन' म्हणत. आयुष्यभर विमा कार्यालयात शिक्के मारून निवृत्त झाल्यावर त्याने फौजी रंगाची पँट आणि फौजी आवाज एकदमच अंगावर चढवला होता.

वटवट्या म्हणजे चिमूटभर पाखरू. दर वसंतात शेकडो कोस उत्तरेला जाताना दोन दिवस या झुडपात टेकायचं, किडे टिपायचं आणि निघून जायचं. मोबाइलमधला आवाज ऐकून त्याला वाटे, कुणीतरी परका नर आपल्या जागेत घुसलाय. पिसं फुलवून ते बाहेर झेपावे, शत्रू सापडत नसे, मग परत आत. सकाळपासून नऊ वेळा झालं होतं. आता त्याचे पंख लोंबत होते.

"बाई, तुम्ही पानं झाडा," कॅप्टन म्हणाला. "हा अभ्यास आहे."

"दमलंय हो ते. चार किडे तरी खाऊ द्या."

"यांना काय कळतंय!" मागून कुणीतरी हसलं.

तेवीस वर्षं त्या झुडपाला पाणी घालणारीला काय कळणार! दहाव्यांदा गाणं वाजलं, तेव्हा तिने पाइप उचलला आणि नळ पूर्ण सोडला.

अभ्यास जागच्या जागी भिजला. कॅमेरे छातीशी कवटाळून अकरा विद्वान कोंबड्यांसारखे पांगले.

तासाभरात ती उद्यान अधीक्षकांपुढे उभी होती. कॅप्टन खुर्चीत बसला होता, खांद्यावर अधीक्षकांचा टॉवेल.

"चार महिन्यांनी रिटायर होताय तुम्ही," अधीक्षक वैतागून म्हणाले. "माफी मागा आणि विषय मिटवा. नाहीतर उद्यापासून रस्त्याच्या दुभाजकावर पाठवावं लागेल. या वयात उन्हात, धुरात झेपेल का तुम्हाला?"

कॅप्टनने कॉलर सारखी केली. माफी जणू टपालाने येणार होती आणि त्याला फक्त पोच द्यायची होती.

"कॅमेऱ्यांची मागते," ती म्हणाली. "ते बिचारे मुके. यांची नाही मागणार."

"बाई, विचार करून बोला."

"केला, साहेब. आजचा दिवस मात्र इथेच भरते."

उरलेला दिवस ती झुडपाकडे पाठ करून तिथेच गवत काढत राहिली. मागे पानांत बारीक खुडखुड चालू होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. बघणारे सकाळी पुष्कळ होऊन गेले होते.

सुटीच्या वेळी ती फाटकाशी वॉचमनपाशी थांबली. त्या झुडपावर औषध न मारण्यासाठी ती तीन अधीक्षकांशी भांडली होती. ते कुठल्याही कागदावर नव्हतं.

"नवा माळी आला की सांग. त्या कोपऱ्यात फवारायचं नाही. किडे राहिले पाहिजेत."

"हो हो, सांगतो," वॉचमन मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

ती गेली नाही. त्याने मान वर करेपर्यंत पिशवी हातात धरून तशीच समोर उभी राहिली.