उजव्या बाजूला

कान-नाक-घशाचं पोस्टिंग म्हणजे पंधरा दिवस आराम, असं सीनियर मुलांनी सांगून ठेवलं होतं. सांगणाऱ्याचं काय जातं! पहिल्याच सकाळी डोक्याला आरसा बांधून तृप्ती तासभर लोकांच्या घशात वाकून पाहत होती आणि तिला जिभेपलीकडे काही दिसलं नव्हतं. पण ती धास्तावली ती आरशामुळे नव्हे. टेबलावर कान तपासायचे ट्यूनिंग फोर्क, आपटले की घुमणारे धातूचे दुहेरी काटे, मांडलेले होते.

"आधी एकमेकांवर शिका," विभागाच्या डॉक्टर मंजुषा मॅडम म्हणाल्या. फोर्क हलकेच आपटायचा आणि थरथरता असतानाच समोरच्याच्या कपाळावर टेकवायचा. दोन्ही कान चांगले असले तर आवाज मधोमध येतो. एका कानाची नस गेली असली तर चांगल्या कानाकडे जातो.

तृप्तीचा डावा कान पाचव्या वर्षी गालगुंडात गेला होता. मखमलाबादच्या मळ्यात गुलाब खुडता खुडता आईने तेव्हाच बजावलं होतं, "कुणापाशी बोलू नकोस. उद्या लग्नाला आडवं येईल." लग्नाचं राहिलं बाजूला, झाकायची सवय मात्र जडली ती जडलीच. वर्गात डावीकडे भिंत येईल अशी जागा धरायची, बोलणाऱ्याच्या ओठांवर डोळा ठेवायचा. ही कसली डॉक्टर होणार, असं कुणी म्हणेल याची तिला फार भीती वाटायची.

तिच्या बॅचमधल्या सार्थकने तिच्या कपाळावर फोर्क टेकवला. "कुठे येतोय?"

"मधोमध," ती म्हणाली. त्याने वहीत तसंच लिहून घेतलं.

मग नांदगावकडच्या सगुणाबाई आठ वर्षांच्या मोहिनीला घेऊन आत आल्या. "मॅडम, शाळेत ध्यानच देत नाय ही. दोन वर्सांमागं मोठा ताप आला व्हता, तवापासून लय हट्टी झाली. हाक मारली तर वळून बघत नाय."

मॅडमनी कान पाहिले. पडदे चांगले होते. नाव, गाव, इयत्ता विचारली; पोरीने पटापट सांगितलं. बाहेर रांग दारापर्यंत आली होती. "ऐकू तर येतंय," म्हणत मॅडम खाली वाकून लिहू लागल्या.

मोहिनीची नजर मॅडमच्या ओठांवरून एकदाही हलली नव्हती. त्या खाली वाकल्या तसा तिचा चेहरा कोरा झाला. तृप्तीला ते सगळं ओळखीचं होतं. गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडत नव्हतं. पोरीचं बिघडलं असतं.

तिने टेबलावरचा एक कोरा केसपेपर उचलून आपल्या तोंडासमोर धरला. "मोहिनी, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?"

मोहिनी कागदाकडे बघत राहिली.

"बोल की गं," सगुणाबाईंनी तिला ढोसलं.

मॅडमचं पेन थांबलं. त्या उठून मोहिनीच्या मागे गेल्या, दोनदा हाक मारली, टाळी वाजवली. पोरगी हलली नाही. "तापात दोन्ही कान गेलेले दिसतात," त्या हळूच म्हणाल्या. "आजच मशीनवर तपासू. उपाय आहेत."

सगुणाबाई स्टुलावर बसल्या. "आन मी मारलं हिला," त्या म्हणाल्या. "हट्टी म्हनून मारलं."

मग मॅडमनी तृप्तीकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

पुस्तकात वाचलं, असं सांगता आलं असतं. "मीही असंच करते, मॅडम."

मॅडमनी फोर्क घेतला, कोपरावर आपटला आणि तिच्या कपाळावर टेकवला. "कुठे येतोय?"

सार्थक वही उघडून उभा होता. मोहिनी तृप्तीच्या ओठांकडे बघत होती.

"उजवीकडे," तृप्ती म्हणाली.

मॅडम टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आल्या. "पुढचा पेशंट तू बघ," त्या म्हणाल्या.