काही अडलंय का?

मी कळव्याच्या एका घरातली, जाहिराती अडवणारी डबी बोलतेय. साबणाच्या वडीएवढी आहे. टीव्हीच्या शोकेसमध्ये, वायफायच्या राउटरशेजारी बसते. घरातला फोन कुठलंही पान उघडायला निघाला की आधी मला विचारतो. नाव माझ्या यादीत असलं की मी वाट अडवते.

मला सलिलने जोडून उभं केलं. त्याची आई, मंदाकिनीबाई, नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' अशी जाहिरात बघून घाबरल्या आणि दोन दिवस फोन बंद करून बसल्या. म्हणून बंगळुरूच्या नोकरीवर परत जाण्याआधी सलिलने माझ्यात सगळ्यात कडक याद्या भरल्या. जाहिराती गेल्याच, पण बाईंचं शब्दकोडं आणि शहाडच्या बहिणीने पाठवलेल्या निम्म्या लिंक्सही अडकल्या. अक्कल मला तेवढीच!

मग दर रविवारी फोन.

"अरे सलिल, पान उघडत नाहीये रे."

"कुठलं गं? थांब, सोडतो." तो तिकडूनच माझ्या सेटिंगमध्ये शिरायचा, तेवढं नाव मोकळं करायचा. "आता बघ."

"नाही रे आलं अजून. तू जेवलास का?"

पान केव्हाच आलेलं असायचं. मीच सोडलेलं, मला ठाऊक नसेल? पण अर्धा तास बोलणं व्हायचं आणि बाई हसत उठायच्या. अडणारं पान बाई शनिवारीच शोधून ठेवायच्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सलिल म्हणाला, "आई, दर वेळी तुला त्रास. सगळ्या कडक याद्या काढून टाकल्यात. आता काही अडणार नाही बघ."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

पोरगा मायेनेच वागला, म्हणून तर राग कुणावर काढू कळत नाही. आता रविवारी बाई एकामागून एक पानं उघडत बसतात. सगळी उघडतात. मला रडू येतं, पण माझा दिवा आपला हिरवाच लुकलुकतो.

परवाच्या रविवारी न राहवून त्यांनी फोन लावला.

"आई, बाहेर पडतोय गं. काही अडलंय का?"

"नाही रे. काही नाही अडलं."

सलिल, कधी माझ्यात डोकावलास तर त्या दिवसाची नोंद बघ. फोन ठेवल्यावर तुझ्या आईने शब्दकोड्याचं तेच पान एकवीस वेळा उघडलं. कोडं सोडवायला नव्हे. एखादी यादी परत लाव रे बाबा. मी नीट अडवीन.