कोरड्या डोळ्यांचं साटंलोटं

रामीबाईला त्या पोरीचा संशय पहिल्याच दिवशी आला, आणि त्याला कारण एकच होतं. पोरगी रडली नाही.

तांड्यात लांबून कोणी बाईमाणूस आलं, की घरची कर्ती बाई पुढे होते, तिच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. मागच्या भेटीनंतर कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं, गुडघा कधीपासून धरला, कोण कसं उलटलं, सगळं त्या रडण्यात सांगायचं. मग समोरचीनं तिचं सांगायचं. एवढं झालं की डोळे पुसायचे आणि चहा ठेवायचा. दारव्ह्याच्या अलीकडच्या या बंजारा तांड्यात रामीबाईचं रडणं नावाजलेलं होतं. तिनं सूर लावला की रस्त्यावरची एसटी थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, आपल्याच घरचं कोणी गेलं.

दसऱ्याच्या आधल्या दिवशी काळीपिवळी जीपमधून ही पोरगी उतरली. फिनलंड नावाच्या देशाची, नाव वेन्ला, वय सोळा, पाठीवर तिच्याहून उंच पिशवी. रामीबाईनं रीतीप्रमाणे गळ्यात पडून पुरतं पाव तास रडून दाखवलं. नवरा गेला तो, गुडघा, मुलगा शाम ऐकत नाही तो, आणि सख्खी बहीण भुरीबाई नवऱ्याच्या तेरवीला आली नाही ते. पोरीनं काय करावं? म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं रामीबाईच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि हसली. डोळे कसे, तर चैतातल्या नाल्यासारखे खडखडीत.

"शाम," रामीबाई त्याच दिवशी मुलाला म्हणाली, "मायबाप सोडून एवढ्या दूर आली, अन् डोयात टिपूस नाही. हे कोन्तं घर म्हनावं?"

प्रश्न साधा नव्हता. दारव्ह्याच्या कॉलेजातून चाळीस पोरांमधून रामीबाईची नात खुशी निवडली गेली होती. वेन्लानं तीन महिने यांच्या घरी राहायचं, मग खुशीनं तीन महिने वेन्लाच्या घरी. शामनं आईला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा रामीबाईनं एका शब्दात त्याचा निकाल लावला.

"म्हंजे साटंलोटं."

"नाही वं याडी," शाम आईला म्हणाला, "शिक्षनासाठी हाय ते."

"त्यायची पोट्टी आपल्या घरी, आपली त्यायच्या घरी. साटंलोटं नाही तं काय हाय बाप्पा?"

साटंलोट्यात मुलगी द्यायच्या आधी आलेली मुलगी पारखायची असते. जशी ती, तसं तिचं घर. आणि त्या घरी खुशीला एकटीनं राहायचं. शाम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पालकाच्या सहीचा कागद त्यानं ट्रंकेत ठेवला आणि सांगून टाकलं, "याडी हो म्हनन तवाच सही." खुशीनं तीन स्वेटर घेऊन ठेवले होते. ती रोज सकाळी आजीच्या तोंडाकडे पाहायची, आणि आजी वेन्लाच्या डोळ्यांकडे.

पाहावं तितका संशय वाढायचा. पोरगी घड्याळ पाहून जेवायची. एकदा नको म्हणाली की नकोच, कितीही आग्रह करा. कुत्र्यानं वाट दिली तरी त्याला थँक्यू म्हणायची. मराठी येत नव्हतं तोवर फोन तिच्यासाठी बोलायचा, तोही बातम्या देणाऱ्या पुरुषाच्या आवाजात: "मी तृप्त झालो आहे. आपला ऋणी आहे." रामीबाई डोक्यावरचा पदर सावरून बसायची, घरात परका माणूस आल्यासारखं वाटायचं तिला. कापूस वेचायला सून संगीतासोबत शेतात गेली, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली, तरी हूं की चूं नाही. जीपच्या मागच्या शिडीला लटकून राजूरची कोळशाची खाण पाहून आली, तोंड काळं, दात पांढरे, आणि वहीत चार पानं लिहिली. कायले लिहिते? कोणाले दाखवते?

आणि एका सकाळी शेजारच्या जमनीनं प्रत्यक्ष पाहिलं. धावतच आली.

"काकी, ते पोट्टी डबीतून डोये काढून घालते वं! आधी एक घातला, मंग दुसरा!"

खुशीनं लाख सांगितलं की ती चष्म्याऐवजी लावायची काच असते. पण दुकानदार बाबुलालनं तोवर निकाल दिला होता. "काकी, टीव्हीवर दाखवतात. विदेशात यंत्राच्या पोरी बनवून राह्यले. आधी खेड्यात पाठवून चालवून पाह्यतात म्हने."

"यंत्र भाकर कशी खाते?"

"तेच तं पाह्यासाठी पाठवली."

रामीबाईला हे पटलं नाही, पण सोडवतही नव्हतं. तिनं आपल्या परीनं परीक्षा घेतली. लवंगी मिरची आणून अंगणात कुटायला घेतली. पहिल्या घावाला कोंबड्या शिंकल्या, दुसऱ्याला लिंबावरचे कावळे दारव्ह्याकडे गेले, तिसऱ्याला तांडाप्रमुख नाईकाची म्हैस दावं तोडून पळाली ती संध्याकाळी पोलीस पाटलाच्या गोठ्यात सापडली. वेन्ला बाजूला बसून मिरच्यांचे देठ काढत होती. "छान वास," म्हणाली. रामीबाईचे स्वतःचे डोळे दोन दिवस सुजून राहिले.

दिवाळीला तांड्याच्या सासरी गेलेल्या चौदा लेकी माहेरी आल्या. दारोदार गळाभेटी, दारोदार रडणं. वेन्ला प्रत्येक दाराशी फोन समोर धरून उभी. रामीबाईचं रडणं तर तिनं चार वेळा भरून घेतलं, आणि मग कानात फोनच्या गोळ्या घालून नाल्याकाठी बसून राहायची. ओठ हलायचे.

"आपलं रडनं कायले नेते हे?" रामीबाईनं खुशीला विचारलं.

"तिले आवडते, दादी."

"रडनं आवडते? मंग रडत काहून नाही?"

कागद पोचवायला आता आठवडा उरला होता.

आणि त्याच आठवड्यात कळंबकडून निरोप आला. भुरीबाईचा नवरा वारला. रामीबाई बहिणीशी चार वर्षं बोलत नव्हती, तरी मयतीला गेल्याशिवाय कसं चालेल? तिनं लुगडं बदललं आणि वेन्लाकडे बोट केलं. "हिलेबी घ्या."

"मयतीच्या घरी पाहुनी कायले नेता मायबाई?" संगीता म्हणाली.

"भरल्या मयतीत जिच्या डोयाले पानी येत नाही, तिच्या घरी माही नात जात नाही. आज पाह्यतो अन् उद्या सांगतो."

खुशीचं तोंड उतरलं. तिनं जीपमध्ये वेन्लाला इंग्रजीत काहीतरी हळूच सांगायला सुरुवात केली, पण रामीबाई मध्ये बसली. परीक्षेत कानमंत्र चालत नाही.

भुरीबाईच्या घरी ओसरीभर बाया बसल्या होत्या. येणारी प्रत्येक जण भुरीबाईच्या गळ्यात पडत होती. रामीबाई मागे थांबली, म्हणाली, "आधी हिले जाऊ द्या." तिला समोरून डोळे पाहायचे होते.

वेन्ला पुढे गेली. गुडघ्यावर बसली, भुरीबाईच्या गळ्यात हात टाकले, श्वास घेतला आणि सूर लावला.

बाया चरकल्या. सूर पक्का होता. कुठे चढायचं, कुठे हुंदका घ्यायचा, कुठे कपाळ खांद्यावर आपटायचं, सगळं जिथल्या तिथे, आणि बोली शुद्ध तांड्याची. रामीबाईनं कान टवकारले. आवाज पोरीचा होता, रडणं मात्र रामीबाईचं स्वतःचं होतं, शब्दन् शब्द.

"अवं माहा धनी गेला वं," वेन्ला रडत होती, "माहा गुडघा गेला वं, माहा शाम ऐकत नाही वं..."

"शाम कोन?" एकीनं दुसरीला विचारलं.

रामीबाईला पुढची ओळ माहीत होती. ती पुढे झेपावली, पण गुडघा आडवा आला.

"...अन् माही बहीन भुरी तेरवीले आली नाही वं! पावसाचं निमित्त केलं वं! पाऊस तं पडलाच नव्हता वं!"

भुरीबाईनं पोरीच्या खांद्यावरून मान वर काढली. नजर थेट रामीबाईवर.

"रामे, हे तुह्यं रडनं हाय!"

रामीबाईनं पदर कपाळावर ओढला. पण भुरीबाई वहिवाट सोडणारी नव्हती. रडण्यातल्या गाऱ्हाण्याला रडण्यातच उत्तर द्यावं लागतं. पोरीला तशीच कवटाळून, तिच्या खांद्यावरून तिनं बहिणीला सूर लावला: "पाऊस कळंबात पडला वं, नाल्याले पूर आला वं, तू एकदा तरी विचारलं का वं?"

आता रामीबाईलाही गप्प बसता येईना. ती पोरीच्या या बाजूनं लागली, "फोन काहून नाही केला वं," भुरीबाई त्या बाजूनं, "फोन पुरात गेला वं," आणि मध्ये वेन्ला दोन म्हशींच्या मध्ये सापडलेल्या वासरासारखी. चार वर्षांचं भांडण दहा मिनिटांत रडून झालं. मागच्या बायांनी पदर तोंडात कोंबले होते. कोणाला हुंदका आवरत नव्हता, कोणाला हसू. शेवटी खुद्द भुरीबाई, नवरा जाऊन एक दिवस झालेली बाई, खुदकन हसली. मग कोणालाच धरवलं नाही.

वेन्लानं सगळ्यांची तोंडं पाहिली. आपण काहीतरी भलतंच केलं एवढं तिला कळलं. मयतीच्या घरी लोक हसतात ते आपल्यामुळे. तिचं नाक लाल झालं आणि ती रडायला लागली. ना सूर, ना शब्द. नुसतं खोकल्यासारखं, अडकत अडकत, नाक वाहतंय, तोंड वेडंवाकडं. तांड्यात इतकं वाईट रडणं कोणी ऐकलं नव्हतं.

हसू थांबलं. रामीबाई गुडघा धरत जवळ सरकली. पोरीच्या गालावर बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं. खारट होतं.

"मी चूक केली," वेन्ला म्हणाली. फोन खुशीजवळ होता. जे येत होतं ते तिचं तीच बोलत होती. "मले रडता नाही येत. माही आजी मेली. मागच्या साली. आमच्याकडे कोनी नाही रडलं. सगळे चूप बसले. मग कॉफी. केक." हुंदका आला. "मी दोन खाल्ले."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मयतीत केक! अख्ख्या ओसरीनं एकदम श्वास घेतला.

भुरीबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. "नाव काय होतं वं तिचं?"

"एल्ली."

"लेकरं किती?"

"तीन."

"काय करे ते?"

"गाई. चाळीस गाई. दूध."

"गाईवाली होती!" भुरीबाई बाकीच्यांना म्हणाली, आणि ज्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातला, त्या बायांना एवढं पुरे होतं. भुरीबाईनं आपल्या नवऱ्याचं रडणं घडीभर बाजूला ठेवलं आणि एल्लीबाईचं धरलं. चाळीस गाई कशा हंबरत असतील, धार कोण काढत असेल, बर्फात वाट कोण पाहत असेल. ओसरीवरच्या सगळ्या बाया मागे लागल्या. वेन्ला तशीच बेसूर रडत राहिली, आणि कोणी तिला सूर लाव म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर यवतमाळला जीप बदलली. डोंगरसिंगची जीप, नऊ जणांची, सोळा बसलेले. लाडखेड मागे पडेपर्यंत रामीबाईच्या डोक्यात एकच घोळत होतं. चाळीस गाईंची धनीण मरते, आणि घरात कोणी तोंड उघडत नाही. असल्या घरी पोरगी द्यायची? पण त्यांनी तर त्यांची पोरगी दिली होती. तीन महिने, विश्वासानं, मिरची कुटणाऱ्या म्हातारीच्या हाती.

खुशीला राहवेना. "दादी, परवा शेवटचा दिवस हाय. पप्पाले काय सांगू?"

"सही कर म्हना."

"खरंच? काहून?"

"त्या घरी एका गेलेल्या बाईचं रडनं राह्यलं हाय. हिच्यानं ते होत नाही, आवाज ऐकला ना तू. तू जाजो अन् हिच्या मायच्या गळ्यात पडून पुरं उरकून येजो. सोडू नको तिले, ते चूप बस म्हनली तरी. चाल, आत्ता लाव सूर. पाह्यतो तुले किती येते ते."

"जीपमधी?"

"विमानात शिकशीन का?"

खुशीनं लाजत लाजत सूर लावला. रामीबाईनं दोनदा तोडला, तिसऱ्यांदा चढवला. डोंगरसिंगनं टेपवरचं गाणं बंद केलं. मागच्या शिडीवरच्या माणसांनी टोप्या काढल्या.

"कोन गेलं काकी?" डोंगरसिंगनं आरशातून विचारलं.

"एल्लीबाई. गाईवाली."

"अरेरे. बिमार होती का?"

रामीबाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिनं सावकाश मान वळवून वेन्लाकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं लावून बसली होती, डोळे अजून सुजलेले.

"विचार वं तिले खुशे. बिमार होती, का कोनी काही केलं?"

खुशीनं विचारलं, ऐकून घेतलं. "म्हातारी होती, दादी. सत्त्याऐंशी वर्षांची. झोपेतच गेली."

"झोपेत," रामीबाई म्हणाली. मग नातीच्या कानाशी वाकली.

"तिथं गेली की शेजारनीले विचारजो."