माझे दार काढले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, पण मला साधासुधा समजू नका. हल्लीच्या फ्रिजची दारे जरा हात लावला की उघडतात. माझ्या दाराला बाहेरून पोलादी कडी होती. ती खट् वाजली की आतल्या गारव्याची बाहेर पडायची बिशाद नव्हती.

कारखान्यातून मी थेट शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी आलो. त्यांच्या सासूबाई मला रोज फडक्याने पुसत. वीज गेली की शेजारीपाजारी आपापल्या बाळांची औषधे माझ्याकडे आणून ठेवत आणि म्हणत, "दार असावं तर असं!" मला कॉलर नव्हती, नाहीतर ताठ केली असती.

पुढे माझी मोटार थकली. नवा फ्रिज आला. माझे खण काढून घेतले आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. "बघू नंतर," म्हणता म्हणता सगळे मला विसरले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एका दुपारी मुलांचा लपंडाव रंगला. बाईंची नात छकुली माझ्या रिकाम्या पोटात शिरली आणि दार ओढून घेऊ लागली. माझी कडी आतून उघडत नाही, मित्रांनो. आत हवाही येत नाही. ज्या दाराचा मी तोरा मिरवला तेच आता तिच्या जिवावर उठले होते, आणि मला ओरडताही येत नव्हते.

शिलाई मशीनवर बसलेल्या बाईंना खिडकीतून ते दिसले. त्या हातातले टाकून धावल्या. "छकुले, बाहेर ये आधी!" त्यांनी तिला ओढून छातीशी धरले आणि मुलाला हाक मारली, "पाना आण. हे दार काढ."

"आई, उद्या गाडी बोलावून देऊन टाकतो ना त्याला."

"गाडी येईल तेव्हा येईल. दार आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे."

दार निघाले. दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या आत छकुली पुन्हा माझ्यात लपली. कुणाचे ऐकेल तर ना! लगेच सापडली आणि खिदळत बाहेर पळाली. इतका अभिमान मला नवा कोरा असतानाही वाटला नव्हता.

आता मी जुनी यंत्रे घेणाऱ्या केंद्रात आहे. इथल्या कारागिराने माझ्यातला गॅस हवेत न सोडता नळीने काढून घेतला. माझ्या पत्र्याचे आता काहीतरी नवे होईल.

तुमच्या अंगणात माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याला अशाच केंद्रात पोचवा. आज जमत नसेल, तर मोठ्यांना सांगून निदान त्याचे दार आजच काढून घ्या. त्याच्या वतीने परवानगी मी देतो.