घंटेला भिणारी आसरा

शेषेराव देवरुष्यानं घंटा वाजवली तशी शिवकांता कान दाबून किंचाळली. कापूर पेटवला, तर तिनं तोंड पदरात लपवलं. झाडून सारं गाव ओट्यापुढं जमलेलं.

"विहिरीतली आसरा हाय, पाण्यातली देवता, लई मानाची," शेषेराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "देवापुढं कशी थरथरतीय बघा. घुमवल्याबिगर निघायची न्हाई."

एवढी मानाची आसरा घंटेला का भ्यावी, हे कुणी विचारलं नाही.

नवरा शरणप्पा मान खाली घालून उभा होता. लातूर जिल्हा नवा झाला, पाट्या बदलल्या, पण विहिरीला पाणी काही आलं नाही. बाया तळात उतरून वाटीनं घागर भरायच्या. शिवकांता खाली असताना वरच्या बाईच्या हातातून रिकामी बादली सुटून तिच्या डोक्यात बसली. रक्त आलं नाही. पण महिना उलटला तरी डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, चुलीवरची भाकर विसरून जायची. जखम नाही म्हणजे बाधाच, असं गावानं ठरवलं. बाधा उतरली नाही तर सून माहेरी धाडायची, असं सासूनं, जगदेवीनं.

डफ वाजला. शेषेरावानं केस धरून तिची मान गरगरा फिरवली. ती भडाभडा ओकली.

"सोडा तिला." दुष्काळी कामावरचे मजूर तपासायला आलेल्या डॉक्टर तारामतीबाई गर्दीतून पुढं आल्या. "घरी कशानं त्रास होतो हिला?"

"गिरणी चालू झाली की कान दाबती," शरणप्पा म्हणाला. "एसटीच्या दिव्याला डोळे झाकती."

"मग शेषेराव, आसरा गिरणीला भिते का एसटीला?"

त्यांनी शिवकांताच्या कानात कापूस घातला, डोळ्यांवर पदर बांधला. "आता लावा अंगारा. देव टेकवा कपाळाला."

शेषेरावानं देवाचा टाक टेकवला. शिवकांता गप बसून राहिली. बाईंनी कापूस काढून तांब्यावर चमचा वाजवला, तशी ती कळवळली.

"मेंदूला आतून मार बसलाय. तो वरून दिसत नाही. उजेड, आवाज सोसत नाही, विसर पडतो. विश्रांतीनं बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. तुम्ही तेच डोकं पुन्हा हिसडलंत."

जगदेवीनं पुढं होऊन सुनेचं तोंड पुसलं.

शिवकांता घरीच राहिली. पण आजही हाताशी असलेली घागर शोधत फिरते, पोराला हाक मारताना नावाशी अडते. कुणाच्या दारी डफ वाजला की शरणप्पा तिथं जाऊन उभा राहतो.

"आधी इचारा, डोक्याला मार लागला व्हता का," तो सांगतो. "अन् दवाखान्यात न्या. बादली हातातून सुटली व्हती. मान मातूर आम्हीच फिरवू दिली."