मालक कोण

"मदरबोर्ड बदललाय काका, बाकी सगळं होतं तसंच आहे," कॉम्प्युटरवाला चावीवाल्याला म्हणाला आणि बटण दाबून बाजूला झाला. चावीवाल्याची बायको तोवर खुर्ची ओढून बसलीसुद्धा होती. तिने सवयीने गेमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. रोज तिथे एक गल्ली उघडायची. आज पांढरी चौकट आली आणि तिने पासवर्ड मागितला.

पासवर्ड माहीत होता तो फक्त त्यांच्या मुलाला, आणि त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. साधा ताप म्हणता म्हणता हाताशी आलेला पोरगा गेला. मागे राहिला हा कॉम्प्युटर आणि त्यातलं घर. त्या गेममध्ये कुठली कुठली मुलं मिळून एक गाव वसवत होती. त्या गावात त्याने विटेवर वीट ठेवून आईबापांसाठी घर बांधलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत आईने जन्मभर ज्याच्यासाठी कुरकुर केली, ते सगळं तिथे होतं: ओट्यासमोर खिडकी, कपडे वाळत घालायला गच्ची. दुपारची भांडी आवरली की ती तिथे जायची. खेळता काही येत नव्हतं, नुसतं चालता यायचं. येणारेजाणारे खेळाडू हात हलवायचे, त्यांना वाटायचं तोच आहे. कुठलं बटण दाबलं की मान हलते एवढं तिला ठाऊक होतं. ती मान हलवायची. खरं काय ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

मदरबोर्ड बदलला की गेमला मशीनच बदलल्यासारखं वाटतं, कुणी चोरून नक्कल केली असेल म्हणून तो पुन्हा ओळख मागतो, असं कॉम्प्युटरवाल्याने समजावलं. पासवर्ड बदलायचा तर निरोप मुलाच्या नंबरवर जाणार, आणि तो नंबर कधीच बंद झाला होता.

"गेमची चोरटी कॉपी घालून दे म्हणालात तर देईन. ती काही विचारत नाही," तो म्हणाला. "पण त्यात घर दिसायचं नाही. घर या डब्यात नाहीच काका, ते कंपनीकडे आहे." मग आवाज खाली आणून त्याने वाट दाखवली. "तुम्ही कंपनीला लिहा. त्याच्याच नावानं. मी पासवर्ड विसरलो म्हणा, जन्मतारीख विचारतील ती सांगा. झालं."

झालं म्हणायला सोपं. चावीवाल्याने उभ्या जन्मात 'मालक कोण' हे विचारल्याशिवाय कुलपाला हात लावला नव्हता. चावी आत राहिली म्हणून दारात रडत उभ्या असलेल्या बाईलाही तो आधी शेजाऱ्याला बोलवायला लावायचा. लोक चिडायचे, टर उडवायचे, आणि अडलं की त्यालाच हाक मारायचे. दुकानात बसून तो मोबाइलवर कंपनीला लिहू लागला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला: या खात्याचे मालक आपणच का? त्याचं बोट 'हो'वर जाऊन थबकलं. खोटं बोलून लेकाच्या घरात शिरायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याने 'नाही' दाबलं आणि खाली सरळ लिहिलं, मालक माझा मुलगा, तो वारला, त्याच्या आईला फक्त घरात जायचं आहे. आपण सरळ विचारलं तर समोरचाही सरळ दार उघडेल, असं मानणाऱ्यांपैकी तो होता.

उत्तर सभ्य भाषेत आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खातं ज्याचं त्यालाच वापरता येतं, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. खातेदार हयात नसल्याचं आपण कळवलंत, त्यानुसार खातं बंद करून त्यातलं सगळं काढून टाकलं आहे.

दुकानाचं शटर तसंच ओढून तो घरी आला आणि बायकोला सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. "खरं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणाली.

"त्यांनी विचारलं, मालक कोण."

"मला विचारायचं होतंत."

तो तिच्याशेजारी बंद कॉम्प्युटरसमोर बसला. पोरगा असताना 'बाबा, एकदा बघायला या' म्हणून मागे लागायचा आणि हा 'दुकान आवरून येतो' म्हणायचा. पोरगा गेल्यावर छाती झाली नाही. आता लाज सोडून त्याने बायकोलाच विचारलं, कसं होतं ते घर, सांग तरी.

तिने डोळे मिटले. बोटं नकळत बटणांवर गेली. आत आलं की उजव्या हाताला ओटा, ती सांगू लागली, खिडकीतून समोरचं झाड दिसतं. मागे जिना. जिना चढलं की गच्चीच्या अलीकडे निळं दार. तिथे तिची बोटं थांबली.

"ती तुमची खोली."

"आत काय होतं?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "बाबांनी आधी उघडायची, असं तो म्हणाला होता. मी रोज दारापर्यंत जाऊन परत यायचे."